रिकाम्या पोटाचं बळ

४ नोव्हेंबर
शिंगणापूरच्या शिवेवरचा हा वृद्धाश्रम मला पाहताक्षणी आवडला. समोर ऊस, मागे कांद्याची चाळ, मधे बैठ्या खोल्यांची ओळ. मला आहारतज्ज्ञाची नोकरी आणि बाबांना इथल्या औषधाच्या चाचणीत जागा, दोन्ही एकदम मिळालं. बाबा नगरला शाळेत चित्रकला शिकवायचे. आजार असा काही नाही. वयाने भूक गेली, भुकेमागून मांस गेलं. आता खुर्चीतून उठवावं लागतं. टेम्पोतून उतरवताना म्हणाले, नीलू, आधी सामान उतरव, मी काही पळून जात नाही.

एकाही खोलीला दार नाही. स्वयंपाकाच्या मालनबाईंनी सांगितलं, ताई, आमच्याकडं दार लावत न्हाईत, देव राखन करतो. चोरी केली की मानसाचं डोळं जात्यात. मी पडदा लावला. वारा छान येतो.

९ नोव्हेंबर
डॉक्टर अवधूत यांनी औषध समजावलं. पोट रिकामं झालं की ते एक संप्रेरक सोडतं आणि आपल्याला भूक लागते. तेच रोज टोचायचं. शरीराला वाटतं, अजून अन्नासाठी हिंडायचं आहे, म्हणून ते स्नायू सोडत नाही. इंजेक्शन मी द्यायचं, ताटंही मीच मोजून द्यायची. ताट वाढवायचं नाही, नाहीतर बळ औषधाचं की भाकरीचं ते कळणार नाही. कुणाला इजा झाली तर चाचणी त्याच दिवशी बंद.

२१ नोव्हेंबर
बाबा आपले आपण उठले. माझं चित्र काढलं. रेघ थरथरली नाही. मी चाळीमागे जाऊन रडून आले.

शेजारच्या खोलीतले भिमाजी याच गावचे, नव्वदीला टेकलेले. कांद्याची गोणी उचलून बाबांना म्हणाले, मास्तर, हून जाऊ द्या एक कुस्ती. बाबा म्हणाले, आधी जेवायला वाढायला सांगा.

२ डिसेंबर
सगळे ताट चाटून पुसून ठेवतात. बाबांनी अर्धी भाकरी मागितली. मी नियम सांगितला. माझा आवाज मलाच आवडला नाही.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, आकडे उत्तम आहेत. पोटभर दिलं तर असे येणार नाहीत. स्वयंपाकघराला कुलूप लावा. मालनबाई म्हणाल्या, कुलूप कशाला लावू, पदराला?

८ डिसेंबर
भिमाजींनी स्वयंपाकघरात शिरून डब्यातलं कोरडं पीठ चोरून खाल्लं. मग ओसरीवर बसून डोळे जाण्याची वाट पाहत राहिले. मालनबाईंनी त्यांना पाणीही दिलं नाही. दिवस मावळला. डोळे शाबूत. भिमाजींनीच सगळ्यांना सांगितलं, कायबी झालं न्हाई.

त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर होता.

१३ डिसेंबर
पीठ संपलं. तेल संपलं. साबणाच्या वड्या संपल्या. माझं ताट मी चोरून बाबांना देते. दुप्पट खाऊनही भूक तेवढीच.

मालनबाई म्हणतात, तुमची म्हातारी गावात हिंडत्यात, घराघरात शिरत्यात. लोकांनी उंबऱ्याशी फळ्या टेकवल्यात. कुत्री दिसत नाहीत.

डॉक्टरांना सांगितलं. आकडे उत्तम, म्हणाले.

१७ डिसेंबर
बाबा म्हणाले, माझ्यासमोर येत जाऊ नकोस. तुझ्या अंगाला भाकरीसारखा वास येतो. मग लाजले. भिंतीकडे तोंड करून बसले.

मी आज रिकामी सुई टोचली.

२१ डिसेंबर
बाबा अंथरुणात. मांड्या पुन्हा काठ्या. डोळे मात्र निवलेत, माझं नाव नीट घेतात. तूपभात नेला. तोंड फिरवलं. पाणीही ओघळतं.

डॉक्टरांना खरं सांगितलं. म्हणाले, एकदा थांबवलं की माणूस आधीपेक्षा खाली जातो. थोडे दिवस काढतील. निर्णय तुमचा.

२२ डिसेंबर
टोचलं. पूर्ण मात्रा.

सुई पाहून बाबांनी हात जोडले. आभार, की नको म्हणून — मी विचारलं नाही.

२४ डिसेंबर
उभे राहिले. चालतात. मी येताना दिसले की पडद्याआड जातात.

पडद्याखाली पाय दिसतात. तसेच उभे. मी जाईपर्यंत —

२५ डिसेंबर
डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर —

उजवं मनगट बाबांनी धरलंय. हळूच. पेन्सिल धरतात तसं. ओढून पाहिलं. सुटत नाही.

मालनबाई पलीकडेच भांडी घासतायत. हाक मारली तर येतील. बघतील. मग चाचणी बंद. मग बाबा —

हाक नाही मारत.

बाबा रडतायत. विचारतात, नीलू, दुखतंय का गं. तोंड भरलेलं, शब्द नीट —

मी म्हणाले, नाही.

उद्याची सुई भरायची आहे. डाव्या हाताने जमेल. बाटली गुडघ्यात धरून, हळूहळू, एका हातानेही —