किहीमच्या वाळूतला देवमासा

किहीम, ता. २३ नोव्हें. १९३१

ओहोटीत देवमासा वाळूत अडकला. जिवंत आहे, मधूनमधून फुसकारतो. निम्मे गाव कामधंदा सोडून किनाऱ्यावर. कोळणी हळदकुंकू, नारळ घेऊन हजर. समोर एवढे जनावर मरते आहे आणि यांना पूजा सुचते! मुंबईतली डॉक्टरकी सोडून हवापालटाला इथे आलो, तो हा मूर्खपणा बघायला.

सौ.ही गेली त्यांच्यात. आमचा बाळू तापाने गेल्यापासून तिने देवापुढे हात जोडले नव्हते.

ता. २४

अलिबागेहून साहेब आला. फितीने मापे घेतली, फोटो काढला. कवटी हवी म्हणे, संग्रहालयासाठी. मरेपर्यंत थांबणार. ही यांची विद्या!

त्याच्यामागोमाग तेलाचे व्यापारी छगनशेठ, रिकामी पिंपे घेऊन. मला म्हणतात, "डाक्तरसाहेब, जरा नाडी बघा ने. हजी किती वेळ जगणार हा?" हाकलले.

कोळणी कालपासून घागरी ओतताहेत. पाळ्या लावल्यात. नागूबाई कोळणीला विचारले, हे कशाला?

"देव तापलाय, डाक्टर. न्हाऊ नको घालायला?"

देवाला ताप! मोठ्याने हसलो. कोणी वळूनही पाहिले नाही.

सौ. भर उन्हात पदर खोचून त्याच रांगेत. म्हटले, लोक काय म्हणतील? तर म्हणते, "घागर धरता का?"

घरी निघून आलो. गार जेवलो. एकटाच.

ता. २५, त्रिपुरी पौर्णिमा

दुपारच्या उधाणात जनावर तरंगले. मी ओरडलो, दोर लावा! "देवाला दावं बांधायचं न्हाय," नागूबाईचा नवरा. खांदे लावून रेटले सगळ्यांनी. गेले खोल पाण्यात! छगनशेठ पिंपावर बसून शिव्या देत होते. साहेब चारला आला, कवटीसाठी पेटी घेऊन.

कातडे ओले राहिले म्हणून जगले. साधे शास्त्र. सौ.ला नीट समजावून सांगितले. "बरं," म्हणाली. त्या "बरं"चा राग अजून उतरलेला नाही.

रात्री पोटभर जेवली मात्र. किती दिवसांनी.

ता. २९

रेवसचा तांडेल सांगत आला, मांडव्याकडे मेलेला देवमासा लागलाय. छगनशेठची पिंपे तासाभरात बैलगाडीत. कोळीवाडा म्हणतो, तो दुसरा. न बघता! अडाणी ते अडाणीच. मी जवळून पाहिलाय, ओळखीन. बघून येतो आणि एकदाचा यांचा देव उतरवतो. गाडी सांगितली. चपला घालत होतो, सौ. दारात आली.

"मांडव्याला चाललात?"

"खरं काय ते कळायला नको?"

"जा की. दुसरा असला तर मला सांगा. तोच असला तर..."

स्वैपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येतोय.

गाडीवान दोनदा हाक मारून गेला. मी अजून ओटीवरच.