नानांनी आत सोडलेलं कापड

अहो,

मी पुढे जातेय. तुम्हाला उठवलं असतं तर परत तोच वाद झाला असता. चहा थर्मासमध्ये आहे. निघताना मागच्या दाराला कडी घाला.

लेकीच्या लग्नाला येणार नाही म्हणालात, तेव्हा कोट अंगाला होत नाही हे कारण सगळ्यात आधी पुढे केलंत. म्हणून काल तो उसवायला घेतला. आपल्या लग्नासाठी नानांनी तुम्हाला शिवलेला. आत बघते तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं, अजून त्या दिवशीसारखं गडद निळं. तोंडात टाचण्या धरून बोलणारे नाना डोळ्यांसमोर उभे राहिले. "माणूस आहे तसाच थोडाच राहणार," म्हणायचे आणि गिऱ्हाइकाला न विचारता आत कापड सोडायचे.

तेव्हा मी त्यांना सून म्हणून पसंत नव्हते, आठवतंय ना? महिनाभर ते तुमच्याशी बोलत नव्हते. हा कोट त्याच महिन्यात शिवला त्यांनी.

तुम्ही लेकीला काय बोललात ते मी इथे लिहीत नाही. जावई आपण निवडला नाही, एवढंच झालंय.

कोट सैल केलाय, खुर्चीवर आहे. कडेला गडद पट्टा दिसतोय, दिसू दे. मधलं बटण लावायचं राहिलंय. बटण आणि सुईदोरा मी बरोबर नेतेय. तसाच घालून या.