तुझा आठवडा, माझा आठवडा

देवळी,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय भागीरथा,

तू आणि घरची मंडळी बरी असाल. माझे गुडघे आहेत तसेच. सोयाबीनला शेंगा बऱ्या धरल्यात. फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या सुनेच्या, रूपालीच्या, हाती हे पाठवते आहे. चुलीत टाकायचं असेल तर निदान वाचून टाक.

शाळेच्या स्वयंपाकघरातला माझा आठवडा आज संपला. सोमवारपासून तुझा. हेडमास्तर धर्मेंद्र सरांनी ही आळीपाळी लावली तेव्हा मी देवापुढे नारळ फोडला होता. म्हटलं, सुटले एकदाची या बाईच्या तावडीतून. सर तर अजून सगळ्यांना सांगत फिरतात, दोघींचं भांडण मी कसं चुटकीसरशी मिटवलं म्हणून. मिटवलं कसलं? आपल्याला समोरासमोर येऊ दिलं नाही, एवढंच.

मी अजूनही म्हणते, त्या दिवशी खिचडीत मीठ बरोबर होतं. तू भर पंगतीत ओरडलीस, "विमलाताई, किती मीठ टाकता? पोरायनं खावं का नाई?" मग मीही तुझं माहेर काढलं. तिथून बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी मीठ पडलं का, हे एकीनं दुसरीला विचारलं नाही आणि दोघींनी टाकलं. अख्खी शाळा उपाशी उठली. दोघी हट्टी, दुसरं काय!

पण भागीरथा, एकटीला ते स्वयंपाकघर खायला उठतं गं. तांदूळ निवडताना तुझी बडबड नाही. मोठं पातेलं उतरवायला पलीकडून हात लावणारं कोणी नाही. तू जाताना भांडी पालथी घालून वर फडकं पसरून जातेस. माझ्या सोमवारी ते फडकं उचलायला मी उगीच वेळ लावते. हसू नकोस. तुझी फार आठवण येते मला.

आता जे सांगायचं टाळत होते, ते सांगते. काल सर म्हणाले, "विमलाबाई, आठवड्याले एकच बाई पुरून राह्यली, मंग दोघी कायले? दिवाळीनंतर एकच ठेवतो. तुम्ही जुन्या, तुम्ही राहा." मी हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही. या पगाराशिवाय माझं घर चालत नाही. तुझंही चालत नाही, हे काय मला ठाऊक नाही?

सोमवारी तुझा आठवडा असला तरी मी येणार आहे, शाळा भरायच्या आधी. दोघी मिळून सरांकडे जाऊ. सांगू, आम्ही एकत्र रांधतो, दोघींना ठेवा. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलू, नुसती शेजारी उभी राहा. पण तू मला दारातूनच परतवून लावलंस, तर मी सरांना हो म्हणेन. मग तिथे रोज मीच असेन आणि तुझा आठवडा कधीच येणार नाही.

तुझीच,
विमलाताई