मोठ्यानं वाचणाऱ्याची सुट्टी

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार घालायला खाली गेलो तर परत वर येईनच, याची हमी गुडघे देत नाहीत. तेव्हा खुर्चीतूनच हात जोडतो, आठही अंगं मनानं टेकवली असं समजून घ्यावं. आम्ही सगळे ठीक. तुमचा खोकला गेला का? ताईचा खांदा काय म्हणतो? (खांद्याला विचारा, ताईला नको. ती "काही नाही" असंच म्हणणार.)

पत्राला कारण तुमचंच पत्र. पाच वर्षांपूर्वी माझ्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला ती चारशे अठरा पानांची कादंबरी दिलीत आणि चार माणसांत म्हणालात, की ही शेवटपर्यंत वाचा, मग मी तुम्हाला वाचक म्हणेन. मुख्याध्यापकाचा शब्द, त्यात थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझ्या दृष्टीनं ती परीक्षाच झाली. त्या परीक्षेत मी गेली पाच वर्षं दोनशे बाराव्या पानावर बसून आहे. कादंबरीतली घड्याळजीची बायको पिशवी भरून घराबाहेर पडली, नदीकाठी आली आणि केवळ माझ्यामुळे तिथंच ताटकळत उभी राहिली. एवढ्या काळात तर घड्याळजीनं दुसरा संसार थाटला असता. त्यावर तुम्ही कळवलंत, की घरात वाचन होत नसतं, वाचनासाठी जागा निवडावी लागते. गर्दी नको, गोंगाट नको, पाठीला आधार हवा, उजेड डाव्या खांद्यावरून यावा. सोबत तुम्ही पूर्वी राहून आलेल्या दोन निवांत जागांचे पत्तेही दिलेत. मी घरात विषय काढला, तर आमची ही म्हणाली, "जाच तुम्ही सुट्टीवर. म्हणजे आम्हालाही सुट्टी."

तिच्या बोलण्यातलं मर्म कळायला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी आजवर तुमच्यापासून लपवली. मला मनात वाचता येत नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात लागलो तेव्हा मी अंगठेबहाद्दर होतो. तिथल्या म्हाताऱ्या फिटरनं मला अक्षरं शिकवली ती भिंतीवरच्या पाट्यांवरून. (मी आयुष्यात वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य "हात लावल्यास जीव जाईल" हे आहे. अक्षराचा धाक बसला तो तेव्हापासून.) आता बाजूला तीन पंप धडधडत असताना शिकायचं म्हणजे तो ओरडून सांगणार, मी ओरडून म्हणणार. त्यामुळे अक्षर माझ्या डोळ्यांतून थेट डोक्यात जात नाही; आधी गळ्यातून बाहेर पडतं आणि मग कानातून आत शिरतं. इतका वळसा घालून आलेलं अक्षर मी विसरत मात्र नाही. घरी मी पुस्तक उघडलं, की सून फोनवर ऑफिसचं बोलणं थांबवून दार लावते, नात कानात बोळे घालते आणि ही स्वयंपाकघरातून त्या घड्याळजीच्या बायकोशी भांडायला लागते. "अगं, दागिने कशाला मागे ठेवतेस" इथपासून सुरू होतं ते माझ्या आईपर्यंत येतं. पान कसं उलटणार?

तर पहिल्यांदा तुमच्या तळ्याकाठच्या खोलीत गेलो. जागेला नाव ठेवायला जागा नाही. माणूस नाही, कुत्रं नाही, काठावर एक बाक आणि समोर पाणी. मी बाकावर बसलो, घसा खाकरला आणि पाच वर्षं ताटकळलेल्या त्या बाईला एकदाची वाट मोकळी करून दिली. नेमकं त्या पानावर ती पलीकडच्या काठाला हाका मारते: कोणी आहे का, मला पार न्या. चांगल्या तीन हाका आहेत. लेखकानं लिहिल्यात तेवढ्या मी मारल्या, एकही गाळली नाही. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे पाण्याच्या खात्यात छत्तीस वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हतं. दोनशे एकोणिसाव्या पानावर असताना समोरून एक नावाडी घामाघूम होऊन वल्ही मारत आला आणि विचारू लागला, कुणाला पार न्यायचंय. मी पुस्तक दाखवलं. तो बराच वेळ पुस्तकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग चहा घेतला, सगळी हकीकत ऐकली आणि जाताना निरोप ठेवून गेला, की त्या बाईंना सांगा, दिवेलागणीनंतर कुठलाच नावाडी येत नसतो, उगाच घसा कोरडा करू नये. दुसऱ्या दिवशी तो दोघा भावांना घेऊन आला, पुढं काय झालं ते विचारायला नव्हे, तर हाका मारणारा म्हातारा दाखवायला. मी सामान बांधलं.

दुसरी जागा म्हणजे टेकडीवरचं तुमचं ते वाचननिवास. दाजी, तिथं तुम्ही एक आख्खा महिना काढलात याबद्दल माझा आदर दुप्पट झाला आहे. दारातच जोडे काढून मऊ सपाता देतात. मॅनेजर कुजबुजतो. जेवणाच्या टेबलावर चमच्यांखाली फडकी घातलेली. दिवाणखान्यात सात माणसं सात खुर्च्यांत बसलेली, आणि आवाज फक्त पान उलटण्याचा. मी त्यांच्यासारखंच तोंड मिटून बसलो. एकच ओळ अकरा वेळा पाहिली. ओळ जागची हलेना, मीही हलेना. मग ओठ हलवून पाहिले. ओठांमागून श्वास आला, श्वासामागून घसा आला, आणि पान संपेपर्यंत सात पुस्तकं मिटून सात चेहरे माझ्याकडे लागले होते. मॅनेजरनं मला अदबीनं माझ्या खोलीत नेऊन बसवलं. पण भिंती पातळ. शेजारच्या खोलीत एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली: "मी माझ्या पुस्तकात अर्धा तास तुमच्या घड्याळजीला शोधतो आहे. कृपया त्याला आवरावे." मग मला व्हरांड्यात बसवलं, व्हरांड्यातून बागेत, बागेतून माळ्याच्या खोपटात. शेवटी माळीही माझी तक्रार घेऊन गेला तेव्हा मॅनेजर मला तळघरात घेऊन गेला आणि मोठ्या जड मनानं म्हणाला, की आता एवढी एकच जागा उरली आहे.

दार उघडलं आणि मला गहिवरून आलं. धुलाईची खोली. ओळीनं तीन यंत्रं, तिन्ही धडधडत असलेली, पायाखालची फरशी थरथरतेय, हवेत ऊब. पंपघरच, फक्त ग्रीसच्या जागी साबणाचा वास. कोपऱ्यात एक प्रौढ बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलो आणि कोंडलेला गळा सैल सोडला. (पाठीला आधार नव्हता, उजेड उजव्या खांद्यावरून होता. क्षमस्व.) दोन दिवसांत नव्वद पानं. बाई आपल्या कामात, मी माझ्या. तिसऱ्या दिवशी एका ओळीच्या मध्यावर त्या उठल्या आणि एकामागून एक तिन्ही यंत्रं त्यांनी बंद केली. मला वाटलं, संपलं, इथूनही उठायचं.

त्या म्हणाल्या, "आजोबा, दोन दिवस अर्धं ऐकू येतंय नि अर्धं पाण्यात जातंय. ती घरी परत जाणार आहे का नाही, तेवढं धड ऐकू द्या."

दाजी, माझं वाचन ऐकायचं म्हणून कुणी यंत्र थांबवावं, असं माझ्या आयुष्यात कधी घडलेलं नाही. लोकांनी आजवर जे काही बंद केलं ते दारच. आणि गंमत सांगतो, शांतता झाल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. ओरडण्याचं कारणच उरलं नव्हतं. बाई एकाच चादरीची घडी तासभर घालत होत्या. वरच्या मजल्यावर टॉवेल पोचेनात म्हणून चौकशीला मॅनेजर आला तो दारात टेकला. त्याच्यामागून न्यायाधीश आले, टॉवेल मागायला, आणि तो न मागताच कपड्यांच्या करंडीवर बसले. (वर जाताना म्हणाले, घड्याळजीची बाजूही ऐकून घ्यायला हवी.) मुक्काम संपला तेव्हा अठ्ठेचाळीस पानं उरली होती. शेवट बाईंना पत्रानं कळवायचं कबूल करून आलो आहे.

एकूण तुमच्या दोन्ही जागा उत्तम आहेत आणि दोन्ही ठिकाणी मला पुन्हा प्रवेश मिळणार नाही. अठ्ठेचाळीस पानं तशीच आहेत. ताईला नमस्कार, तिच्या खांद्याला विश्रांती.

आपला,
अजून वाचक म्हणवून न घेतलेला मेहुणा

ता. क. पंधरवडाभर तुमची मागची खोली मिळेल का? आमच्याकडे रंगकाम निघालं आहे. (निघालं नसलं तर काढतो.) शिवाय मी शेवटपर्यंत वाचलं यावर तुम्ही माझ्या नुसत्या शब्दानं विश्वास ठेवाल असं वाटत नाही. तेव्हा अठ्ठेचाळीस पानं तुमच्यासमोर बसून वाचतो. तुम्ही ऐका, चुकलो तर थांबवा, निकाल तिथंच लावा. आमची ही रंगाला बारा महिने लागतील असं म्हणते आहे, पण तेवढा मी राहणार नाही. दुसरं एखादं पुस्तक काढलंत, तर मात्र सांगता येत नाही.

ता. क. २. मागच्या खेपेला तुमच्या मांडीवरचं पुस्तक सकाळी एकतिसाव्या पानावर होतं आणि संध्याकाळीही एकतिसाव्याच. छत्तीस वर्षं मी दाबाचे काटे वाचले. अडकलेला काटा मला लांबूनही कळतो. त्यावर मी तेव्हा बोललो नाही, आताही बोलत नाही. डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले तेही विचारत नाही. ऐकायला चष्मा लागत नाही, एवढंच म्हणतो.

ता. क. ३. ताईनं मला यातलं एका शब्दानंही सांगितलेलं नाही. (ताई, हे वाक्य त्यांना ठासून वाचून दाखव. हसू नकोस, त्यांचे कान शाबूत आहेत. आणि कंसातलं मनात वाच. आपल्या दोघांत ते तुलाच येतं.)