मातीकडचं स्टूल

सोमवार, ४ मार्च

रबर! मातीवर रबर टाकायचं म्हणे!

मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक रंगीत कागद पसरलेला. आमचंच अंगण, पण ओळखू येईना. अर्ध्या अंगणात घसरगुंडी, प्लॅस्टिकचा बोगदा आणि खाली लाल रबर हे गेल्या वर्षीच आलं. आता उरलेलं अर्धंही तसंच करायचं. म्हणजे आडवा पडलेला ओंडका जाणार, मातीचा उंचवटा सपाट होणार, नळाखालचा चिखल जाणार, झुडपं जाणार.

"पालक कपड्यांवरून बोलतात हो," त्या म्हणाल्या. "आणि गुडघे फुटतात."

मी म्हटलं, चार वर्षांच्या माणसाला दुसरं काय काम असतं? तुमचा गुडघा कधी फुटला नाही?

हसल्या. बाई वाईट नाहीत. पण मी तेवीस वर्षं बालवाडीत काढली हे सांगायला गेले, तर म्हणतात कशा — "ताई, तुमचं 'मला वाटतं' वरच्या मंडळींपुढे चालायचं नाही. मोजून आणा. दोन आठवडे घ्या. मुलं खरंच मातीत जास्त खेळतात असं दिसलं, तर रबर मी थांबवते. नाही दिसलं, तर पुढच्या महिन्यात काम सुरू."

हातच्या कंकणाला आरसा कशाला? पण ठीक आहे. मोजते!

मंगळवार, ५ मार्च

पद्धत ठरवली. दहा ते अकरा मैदानाचा तास. मी लाकडी स्टूल घेऊन ओंडक्याच्या बाजूला बसायचं, म्हणजे नळ आणि उंचवटा दोन्ही दिसतात. दर पाच मिनिटांनी मान वर करून अठरा डोकी मोजायची. वहीत दोनच रकाने — माती, रबर. आणि आमचा जुना नियम: हात मागे. मोठ्यांनी सुचवायचं नाही, दाखवायचं नाही, 'हे काय केलंस रे' असं विचारायचंही नाही. कोणी पडलं, रडलं तरच उठायचं.

आज सरासरी माती १३, रबर ५.

घसरगुंडीवर खेळ एकच. चढा, घसरा, रांगेत उभे राहा, ढकला, "ताई, हा ढकलतोय!" साडेचार वर्षांचा आमचा कप्तान — सगळ्यांना हुकूम सोडतो म्हणून मी ठेवलेलं नाव — अकरा वेळा सरळ घसरला, बाराव्या वेळी पोटावर घसरला आणि मग निघून गेला. बरोबरच आहे. घसरगुंडीचं काय करायचं ते ती बनवणाऱ्यानेच ठरवून टाकलंय. ओंडक्याचं अजून कोणी काही ठरवलेलं नाही. दहाला दुकानाचा कट्टा होता, साडेदहाला आजारी घोडा झाला. घोड्याला ताप आला होता म्हणून त्याच्यावर ओली माती थापली.

मुगी नेहमीप्रमाणे माझ्या स्टुलाचा पाय धरून उभी. मूग गिळून असते म्हणून मुगी. शाळेत येऊन आठ महिने झाले, एक शब्द नाही. तिची आई बस चालवते. सोडायला येते तेव्हा घाईघाईत म्हणते, "घरी पोपटासारखी बोलते हो, डोकं खाते!" असेल. इथेही बोलेल. निदान माझ्याजवळ उभं राहिलं की तिला बरं वाटतं. तेवढा आधार मी आहे तिला.

बुधवार, ६ मार्च

माती १४, रबर ४. मी काय म्हणत होते!

गुरुवार, ७ मार्च

माती १३. नुसते आकडे लिहून मन भरत नाही, म्हणून हेही लिहून ठेवते.

एक काठी. वीतभर लांब, टोकाला वाकडी. दहा वाजता चमचा होती. सव्वादहाला डॉक्टरांचं थर्मामीटर. मग फाटक — ती आडवी धरली की कोणी जायचं नाही. शेवटी पानात गुंडाळलेलं बाळ, "शूऽऽ, झोपलंय!" प्लॅस्टिकचा चमचा मरेपर्यंत चमचाच राहतो.

नळापासून उंचवट्याखालपर्यंत कालवा काढला. पाच जण. त्यात सर्वांत मोठा सहाला टेकलेला आणि सर्वांत धाकटी तिनाची. बांध चारदा फुटला. भांडणं झाली, चांगली कडाक्याची झाली! पण एकही तक्रार माझ्याकडे आली नाही. घसरगुंडीवरचं प्रत्येक भांडण माझ्या कोर्टात येतं. चिखलातलं तिथंच मिटतं, कारण भांडत बसलं तर पाणी निघून जातं.

एकीने विचारलं, "ताई, मुंग्या कुठं चालल्यात?" हात मागे. मी म्हटलं, माहीत नाही बाई. ती मुंग्यांच्या मागे दहा मिनिटं रांगत गेली. परत येऊन सांगते, "त्यांना पण माहीत नाही."

मोठ्या बाईंना हे सगळं वाचून दाखवणार आहे. रबरवाल्यांनी आपलं रबर गुंडाळायला घ्यावं!

शुक्रवार, ८ मार्च

माती १४, रबर ४. पहिला आठवडा खिशात. आणि मग माळीमामा.

झुडपं छाटत होते. कैची थांबवून म्हणाले, "ताई, एक बोलू का?"

"बोला की."

"तुम्ही बसता तिथं पोरं येतात. आमच्याकडं शेळ्या होत्या, त्या पण तसंच करायच्या. माणूस दिसलं की त्याच्या आसपास चरायच्या. तुम्ही एकदा रबरावर बसून बघा की."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही झुडपाकडे लक्ष द्या, एक फांदी जास्त गेली."

गेली नव्हती. मला राग आला होता, एवढंच.

रविवार, १० मार्च

दोन दिवस शेळ्या डोक्यात चरतायत.

खरंच की! मी आठवडाभर मातीच्या बाजूलाच बसले. कारण काय, तर तिथून मला आवडतं ते दिसतं. तेवीस वर्षांचा अनुभव, आणि एवढी साधी गोष्ट सुचू नये? ती सुचली कैचीवाल्याला!

नवऱ्याला सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "मग स्टूल हलव. त्यात काय?"

त्यात काय! म्हणे त्यात काय. आकडे फिरले तर अंगण जाईल, ते त्यात.

सोमवार, ११ मार्च

स्टूल लाल रबरावर ठेवलं.

माती ८, रबर १०.

पुन्हा लिहिते, म्हणजे मलाच पटेल. माती ८, रबर १०.

"ताई, बघ मी कसा घसरतो!" "ताई, मला बघ!" "ताई, तू बघितलंच नाही, परत बघ!" तासभर हेच. घसरण्यात कोणाला रस नव्हता, मला दाखवण्यात होता. मुगी स्टुलाच्या पायाबरोबर रबरावर आली. मामा लांबून बघत होते. 'सांगितलं होतं ना' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

वही माझी. पान मी फाडलं तर कोणाला कळणार आहे? मंगळवारी पुन्हा ओंडक्याजवळ बसायचं आणि आठवडा पुरा करायचा. माझं म्हणणं तर खरंच आहे ना!

पान दोन बोटांत धरलं होतं. मग सोडलं. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगायचं आणि आपण हे करायचं, हे नाही जमायचं मला.

मंगळवार, १२ मार्च

नवी पद्धत. मी अंगणातच जायचं नाही. सामानाच्या खोलीला अंगणाकडे बंद काचेची खिडकी आहे. तिथे ठोकळ्यांच्या पोत्यावर बसून मोजायचं. अंगणात माझ्या मदतीच्या धाकट्या बाई उभ्या राहतील — रबर संपून माती सुरू होते बरोब्बर त्या रेषेवर, हात मागे. मी त्यांना बजावलं, लक्ष ठेवायचं, खेळवायचं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे खांब व्हायचं." हो, खांब!

माती १२, रबर ६. हुश्श! पण सांगायचं ते वेगळंच. घाईत स्टूल बाहेरच राहिलं, काल रबरावरून उचलून टेकवलं होतं तिथेच, मातीच्या बाजूला. मुगी तासभर त्याचा पाय धरून उभी होती. वर कोणी नाही, तरी उभी. धावत बाहेर जावं आणि उचलून घ्यावं असं वाटलं. दरवाजापर्यंत गेलेही. मग म्हटलं, नियम तुझा आहे ना? हात मागे. परत पोत्यावर येऊन बसले.

बुधवार, १३ मार्च

माती १५, रबर ३!

ओंडक्याची बोट झाली. आणि बोट चाळीस मिनिटं चालली. चाळीस! मी मागची पानं उलटून बघितली. गेल्या आठवड्यात एकही खेळ बारा मिनिटांपुढे गेलेला नाही. प्रत्येक खेळ कुठे तुटला तेही समासात मीच लिहून ठेवलंय: "ताई, बघ", "ताईला दाखवायला आला", "माझ्याकडे बघून हसली व थांबली". आठवडाभर मी हात मागे ठेवले, पण डोळे पुढेच होते. मी मोठ्या तोऱ्यात मातीची बाजू घेत होते, आणि मातीतला खेळ मोडत होते मीच. स्टुलावर बसून!

घ्या. या वयात हे शिकायचं होतं.

आणि आणखी एक. बोटीतली मंडळी बादल्या भरभरून माती आणि पाला लाल रबरावर नेत होती. तो म्हणे पलीकडचा देश. तिथे काहीच उगवत नाही म्हणून इथून न्यावं लागतं.

मुगी आज स्टुलावर चढून बसली होती. बोटीकडे तोंड करून.

गुरुवार, १४ मार्च

माती १५, रबर ३. पण आकडे राहू देत बाजूला.

पावणेअकराला मुगी स्टुलावरून उतरली. ते दोन्ही हातांनी धरलं आणि ओढायला लागली. जड आहे ते. चार पावलं ओढायची, थांबायची. थेट ओंडक्यापर्यंत नेलं. कप्तान उभा राहून बघत होता. मला वाटलं, आता हुकूम सोडणार. त्याने एक बाजू धरली, दोघांनी मिळून स्टूल बोटीच्या तोंडाशी उभं केलं. मुगी वर बसली. हात लांब केला.

आणि तिचे ओठ हलले!

मी खिडकीला नाक चिकटवलं. बंद काच, काही ऐकू येईना. धाकट्या बाई दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होत्या. ओठ पुन्हा हलले, आणि सगळी बोट उजवीकडे वाकली.

तास सुटल्यावर कप्तानाला सहज विचारलं, बोट कोण चालवतं रे? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला एवढंही कळत नाही. "ती सांगते कुठं जायचं ते. मी नुसता कप्तान आहे."

सामानाच्या खोलीत जाऊन रडले. आठ महिने मला वाटत होतं की मी तिचा आधार आहे. कोणी तिच्याशी खेळायला आलं की मीच उत्तर द्यायचे — "ती इथेच बरी आहे हं, तिला नाही आवडत." मीच! तिने बोलायची गरजच ठेवली नव्हती मी.

दुपारी वही मोठ्या बाईंपुढे ठेवली. सोमवारच्या पानासकट. त्यांनी ते दोनदा वाचलं. "ताई, हे पान कशाला दाखवताय? वरची मंडळी नेमकं हेच धरून बसतील."

"खरं आहे म्हणून दाखवते. आणि पुढची तीन पानंही खरी आहेत."

बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "उद्या मी स्वतः बघते. मग ठरवू. कागदही बरोबर आणते, समोर धरून बघू काय जातंय ते."

मी निर्धास्त आहे. आकडे काय सांगतील ते सांगोत, बोट मी बघितलीय.

शुक्रवार, १५ मार्च

खिडकीतून बघू म्हटलं, तर मोठ्या बाई ऐकेनात. तेव्हा नळाजवळ दोघी उभ्या राहिलो. मी हात मागे बांधून, त्या रबराचा रंगीत कागद घेऊन.

बोटीच्या तोंडाशी, स्टुलावरून हुकूम आला, "तुम्ही दोघी सरका ना! तिथं खोल पाणी आहे!"

मोठ्या बाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि खरंच सरकल्या. बोटीला नकाशा हवा होता, म्हणून तो कागद मुगीने त्यांच्याकडून मागून घेतला. मी परत मागायला निघाले तर म्हणाल्या, "राहू दे हो, आता त्याचा काय उपयोग."

आवाज घोगरा आहे तिचा. आठ महिने माझ्याजवळ उभी होती, आणि मला माहीतच नव्हतं.