सातव्या गाण्याचं प्रकरण

१४ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी घसा फोडून बोलले की आपल्या घरच्या गोष्टी अख्ख्या जिन्याला कळतात. म्हणून पत्र. उभा जन्म ड्रम बडवलेत, आता कानांनी संप केला तर त्यांची काय चूक? तुमचा खोकला वाढलाय हे काकूने मला कळवलंय आणि तुम्ही डॉक्टरकडे जायचं टाळताय हेही.

आता कामाचं. एका प्रकाशनाने छोट्या पुस्तकांची मालिका काढली आहे. खिशात मावतील एवढी पुस्तकं, आणि प्रत्येक पुस्तक एकाच रेकॉर्डवर. ती कुठे झाली, कोणी काय वाजवलं, लोकांनी ती कशी डोक्यावर घेतली किंवा पायदळी तुडवली, असं सगळं. त्यांच्या संपादकबाई माझ्या शाळेत येऊन भेटल्या. बाबांच्या रेकॉर्डवरचं पुस्तक मी लिहावं म्हणतात. मी म्हटलं, मी भूगोल शिकवते, मला सूर आणि समुद्रसपाटी यातला फरकही धड सांगता येणार नाही. तर म्हणाल्या, तुम्ही त्यांची मुलगी आहात, तेवढं पुरे.

खरी अडचण पुढे आहे. त्यांना सातव्या गाण्यावर अख्खं प्रकरण हवंय. 'सोड दोर, अजून सोड, खाली चाललो मी.' रेकॉर्ड निघाली, आणि थोड्याच दिवसांत बाबा चामड्याच्या कारखान्यातल्या टाकीत उतरले ते जिवंत वर आले नाहीत. ऐकणारे म्हणतात, माणसाने आपलं मरण आधी गाऊन ठेवलं, मग करून दाखवलं. ही ओळ मनगटावर गोंदवून घेतलेले लोक मी पाहिलेत.

आईला विचारलं. लिही तुला काय लिहायचं ते, असं म्हणून ती घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालत बसली. मी तीन वर्षांची होते, काका. बाबा स्वतःहून गेले का, एवढंच सांगा.

रागावलात तरी चालेल, गप्प बसू नका. लहानपणी होती तेवढीच माया अजून हवी आहे.

तुमची भिंगरी

२३ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. काकूने आधी वाचलं, हे वेगळं सांगायला नको. आपल्या घरात लेखिका निपजली याचा आनंद आहे. तुझ्या बाबांना शुद्धलेखन शेवटपर्यंत जमलं नाही, तेव्हा हे गुण आईकडचे.

रेकॉर्ड कशी झाली ते लिहून घे. शिवणाच्या कारखान्याचं कापडाचं गोदाम होतं, तिथला पहारेकरी आमच्या ओळखीचा. सुटीच्या दिवशी तो कुलूप उघडून द्यायचा. भिंतींना लागून छतापर्यंत कापडाचे गठ्ठे, त्यामुळे आवाज कसा मऊ, दाबल्यासारखा यायचा. मागे कोणा शहाण्याने लिहिलं होतं की हा आवाज कबरीतून आल्यासारखा वाटतो. अगं, ते लोकरीचं कापड होतं! चौथ्या गाण्यात मध्येच एक हुंदका ऐकू येतो म्हणतात, ती माझी शिंक. कापडाचा तंतू नाकात गेला होता. दादा एवढा हसला की पुढचं कडवं त्याने हसत हसतच म्हटलंय, नीट ऐक.

त्याच्याकडे एकच बरी गिटार होती, आणि माझ्या ड्रमपैकी एक रंगाचा रिकामा डबा होता. सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेकॉर्डिंगवाल्याची समजूत काढण्यात, कारण त्याला भूक लागली की दर गाणं उत्तम झालं असं तो म्हणायचा.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मी ते पूर्वी देऊन पाहिलंय, गळा सुकेपर्यंत. कोणी घेतलं नाही. आता या वयात पुन्हा तोंड उघडायचं बळ नाही. तू शिंकेचं लिही, गोदामाचं लिही. पुस्तक भरेल.

आईला जप. तिला नमस्कार सांगू नकोस, माझं नाव निघालं की तिचा दिवस जातो. तू मात्र या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा काका

९ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शिंकेवर मी खूप हसले. पण तुम्ही मला गोदामात बसवून बाहेरून कडी घातलीत, हे काही मला कळलं नाही असं समजू नका.

पुस्तक येणार ही बातमी मालिकेच्या लोकांनी जाहीर केली आणि मला पत्रं यायला लागली. त्यातलं एक एका बाईचं आहे. तिची मुलगी कॉलेजात जाते. गेलं वर्षभर खोलीचं दार लावून सातवं गाणं ऐकायची, एकच गाणं, पुन्हा पुन्हा. मागच्या महिन्यात तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचली, उपचार चालू आहेत. आई लिहिते, मी गाण्याला दोष देत नाही, माझी मुलगी आधीपासूनच आजारी होती. पण तिच्या मनात बसलंय की त्या गाणाऱ्याला खाली गेल्यावर शांत वाटलं असेल. तुम्ही त्याची मुलगी आहात, खरंच तसं होतं का, ते कळवाल का?

मी काय कळवू? मी पंचावन्न मुलांना वारे कुठून कुठे वाहतात ते शिकवते, आणि माझा बाप कसा गेला हे मला ठाऊक नाही. काका, पूर्वी कोणी तुमचं ऐकलं नसेल. मी ऐकते आहे, आणि माझ्यामागे अजून एकजण ऐकते आहे.

खोकल्याचं औषध घ्या. उत्तराची वाट पाहते.

तुमची भिंगरी

२० फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

त्या मुलीचं वाचलं आणि ताट बाजूला सारलं. काकू म्हणाली, आता नाही सांगितलंत तर मी सांगेन, मला अर्धंमुर्धं माहीत आहे. म्हणून सांगतो.

दादा आणि मी एकाच टोळीत होतो, टाक्या साफ करणाऱ्या. कातडी कमावून झाली की चुना, चरबी, केस, सगळं घाण पाणी जमिनीखालच्या टाकीत जातं. तळाला गाळ बसतो. एकजण कमरेला दोर बांधून उतरतो, बाकीचे वरून दोर सोडतात. खालचा ओरडत असतो, सोड, अजून सोड. काम झालं की ओढ, ओढ. दिवसभर हेच. दादाने त्यालाच चाल लावली. गाण्याला शेवटचं एक कडवं होतं, वर ओढायचं, आणि ते सगळ्यात धमाल होतं. तबकडीच्या त्या बाजूला जागा पुरेना म्हणून रेकॉर्डिंगवाल्याने ते उडवलं. म्हणून गाणं खालीच राहिलं. लोकांनी त्यात काय काय पाहिलं! आम्ही तर पगाराच्या दिवशी ते ओरडत घरी जायचो.

त्या दिवशी पहिला उतरला तो उंट. आमच्यात सगळ्यात उंच, म्हणून सगळे त्याला उंट म्हणायचे. टाकी बरेच दिवस बंद होती. झाकण उघडून हवा सोडायचा पंखा लावायचा असतो, तो दुसऱ्या खात्यात नेला होता. टोळीला एक मास्क, त्याचीही जाळी निकामी झालेली. मुकादम म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, पंख्यासाठी कुठे थांबता. उंट खाली गेला, आणि त्याचा आवाज बंद झाला. आम्ही ओढलं तर दोर मोकळा वर आला, खाली पडताना गाठ सुटली असावी. मुकादम म्हणाला, बंब बोलवा, कोणी उतरू नका. तो वाईट माणूस नव्हता. पण बंब यायचा कधी? दादाने तोवर दोर कमरेला बांधला होता. दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

खालून एकदाच त्याचा आवाज आला. उंटाला म्हणत होता, माझ्या गळ्यात हात टाक. नंतर काही नाही. आम्ही चौघांनी ओढलं. दोन माणसांचं वजन, ओला दोर, तळहात सोलले. मी झाकणातून आत वाकलो होतो, तेव्हा जे काही छातीत गेलं ते अजून आहे. दोघं वर आले, पण उशीर झाला होता.

चौकशीत कारखान्याने सांगितलं, कामगार सूचना मोडून स्वतःच्या मर्जीने उतरला. मी उभा राहून सगळं सांगितलं, साहेबाने मान डोलावली. वर्तमानपत्रवाला घरी आला, त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, ते दोराचं गाणं यांचंच ना? दुसऱ्या दिवशी ती ओळ मोठ्या अक्षरांत. उंटाचा उल्लेखही नाही. कारखान्याला 'स्वतःच्या मर्जीने' सोयीचं होतं आणि गाणं ऐकणाऱ्यांना ते आवडलं. दोघांचं जमलं, मी मधल्यामध्ये खोटा पडलो. तुझ्या आईकडे गेलो होतो. तिने, पुन्हा हा विषय काढायचा असेल तर येऊ नका, असं सांगून दार लावून घेतलं. ते दार मी पुन्हा वाजवलं नाही.

त्या मुलीला कळव. शांत वगैरे काही वाटलं नाही. त्याच्या बोटांची नखं तुटली होती, पोरी. त्याला वर यायचं होतं. उंटाला घेऊन यायचं होतं.

आता जास्त लिहवत नाही. आमचा जीव तुझ्यात आहे हे जाणून असशील.

तुझा काका

३० मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

त्या मुलीच्या आईला मी सगळं जसंच्या तसं कळवलं, नखांसकट. कळवावं की नाही यावर बराच घोळ घातला. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं. मुलीने वाचलं, खूप रडली, आणि तो दुसरा माणूस कोण होता असं विचारलं. एवढंच. पुढचं काही मला माहीत नाही.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती उभ्यानेच ऐकत होती. गळ्यात हात टाक, ही ओळ आली तेव्हा पुन्हा वाच म्हणाली. मग बसली. म्हणाली, सकाळी आमचं भांडण झालं होतं, रेकॉर्डच्या नादात घराकडे लक्ष नाही म्हणून मी खूप बोलले होते. ते डबा न घेताच निघून गेले. आणि मग सगळे म्हणायला लागले की स्वतःच्या मर्जीने. काका, तिने तुमच्यावर दार लावलं नव्हतं. तुम्ही तोच शब्द तिच्या तोंडावर सांगायला आलात असं तिला वाटलं होतं. एवढी वर्षं ती त्या शब्दाबरोबर राहिली. पहिल्यांदाच तिने तुमची चौकशी केली. मग म्हणाली, उंटाचं खरं नाव पुस्तकात घाल, त्याची बायको तेव्हा पोटुशी होती.

संपादकबाईंशी माझं वाजलं. त्या म्हणाल्या, या प्रकरणाने रेकॉर्डभोवतीचं गूढ जातं, विकणारे लोक नाराज होतील. मी म्हटलं, मग पुस्तक नको. आठवडाभर काही नाही. मग त्यांनीच बोलावलं, आणि एकही ओळ न बदलता छापते म्हणाल्या. बाई शब्दाला जागल्या. पण वेष्टन आधीच छापून झालं होतं. त्यावर विहिरीत सोडलेल्या दोराचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, 'स्वतःचं मरण आधी गाऊन ठेवणाऱ्याची रेकॉर्ड'. मी पाहिलं आणि शाळेत परतून अर्धा तास नकाशा उलटा टांगून शिकवत होते.

काकू कळवते की तुम्हाला दवाखान्यात ठेवलंय. आई आणि मी पुढच्या आठवड्यात येतो. तोवर खोकल्याला सांभाळा, आणि आमच्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची भिंगरी

२ मे

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुम्ही दोघी परत गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. हे गेल्यावर आलेल्या माणसांत तुझ्या आईने मला जो हात दिला तो विसरणार नाही. दवाखान्यात तुम्ही पोचलात तेव्हा यांना बोलता येत नव्हतं, पण ओळखलं होतं, खात्री बाळग. तुम्ही आणलेली पुस्तकाची पहिली प्रत शेवटी त्यांच्या उशापाशीच होती. वेष्टन त्यांनी स्वतःच काढून टाकलं. मला खुणेने सांगितलं, हे वेष्टन घरी ने आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घाल. तिथेच आहे. टेबल आता हलत नाही.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल दुपारी दार वाजलं. एक बाई, तुझ्याहून थोडी लहान, पोस्टाच्या गणवेशात. मला वाटलं रजिस्टर असेल. आपल्या चौकटीतून आत येताना तिला वाकावं लागलं. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, मी उंटाची मुलगी.

तिच्या आईच्या हयातीत कधी कोणी काही विचारायला गेलं नाही. कारखान्याने त्यांना तो कामाचा मृत्यूच नव्हता असं सांगितलं. वस्तीतले म्हणायचे, एक वेडा गाणारा मरायला उतरला आणि तिच्या बापाला सोबत घेऊन गेला. ती तेच ऐकत वाढली. सहकाऱ्यांतल्या एकीने तुझं पुस्तक वाचलं आणि आडनाव ओळखून तिला आणून दिलं. म्हणाली, मी ते गाणं कधी ऐकलं नाही, ऐकणारही नाही. मी म्हटलं, नको ऐकूस.

यांना भेटायला आली होती. हे गेल्याचं सांगितलं तर पिशवीतून तुझं पुस्तक काढून तिने मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, पुस्तकात आहे की ते माझ्या वडिलांना म्हणाले, गळ्यात हात टाक. पुढचं नाहीये. टाकला का?

भिंगरी, हे यांनी तुला लिहिलं नव्हतं. मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही. मी तिला सांगितलं. टाकला होता. वर आले तेव्हा तुझ्या वडिलांचा हात यांच्या दादांच्या गळ्याभोवती होता, घट्ट. चौघांनी मिळून सोडवावा लागला.

ती म्हणाली, म्हणजे ते पोचले तेव्हा माझे वडील जिवंत होते. मी म्हटलं, हो. म्हणजे कोणीतरी आल्याचं त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, हो, कळलं होतं.

मग ती रडली. मी रडू दिलं. टपाल वाटायचं राहिलंय म्हणून उठली तेव्हा तिची पिशवी मी खांद्यावर चढवून दिली. चांगलीच जड होती.

तिचा पत्ता सोबत पाठवते. तू आणि तुझी आई जाऊन या. मीही येईन, मला एकटीला आता इथे करमत नाही.

आई-लेकी एकमेकींना धरून राहा, आणि मलाही तुमच्यात धरा.

तुझी काकू