पोदलोगारचे चार टायर

२४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी अकरा अंश. बाबांनी आज पुन्हा विचारलं.

मी एका जीपच्या चाकाशी वाकलेली, आणि बाबा टायरच्या दुकानाच्या दारात उभे, टोपी हातात. रजिस्टर पत्र द्यायला आल्यासारखे. छत्तीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं, अजून कुणाच्या दारातून आत यायचं म्हणजे आधी उंबऱ्यावर थांबतात. पोटच्या मुलीच्या दुकानातसुद्धा. म्हणाले, पिवळीला हिवाळी टायर बघितलेस का? म्हटलं, बघते. गेल्या आठवड्यातही हेच म्हटलं होतं.

पिवळी म्हणजे त्यांची गाडी. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी जंगलाचा तुकडा विकून घेतली. दोन सीटची, इंजिन पाठीमागे, पोट जमिनीला टेकलेलं. आमचं अख्खं प्रेद्द्वोर गाव हसलं होतं — माणूस सत्तरीला काठी घेतो, लोव्रेन्सनं रेसची गाडी घेतली! मी नव्हते हसले. त्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा नीट जेवायला लागले होते.

पण आता अठ्ठ्याहत्तर झाली. आणि दर गुरुवारी कोक्रा नदीच्या घळीतून वर येझेर्स्कोला जायचं म्हणजे जायचंच. तिथे त्सिरिलच्या खानावळीत तारोकचा डाव असतो, चौघांचा. एक जण कमी पडला की पत्ते बंद. ऑगस्टमध्ये परत येताना आरसा तोडून आले. म्हणाले, ट्रक अंगावर आला. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन पाहिलं. भिंतीला पिवळा रंग लागलाय, चांगला दोन हात लांब. आणि वळणावर नाही, सरळ रस्त्यावर!

कुणाला बोलले नाही. कुणाला बोलणार?


२६ ऑक्टोबर, गुरुवार

नऊ अंश. आज त्यांचा पत्त्यांचा दिवस. सकाळपासून कान रस्त्याकडे. पिवळीचा आवाज मी झोपेतही ओळखेन, पण आज आलाच नाही. कॉम्प्रेसर चालू होता, त्यात बुडाला असेल.


२८ ऑक्टोबर, शनिवार

आठ अंश. हातून एक गोष्ट घडली. लिहून मोकळी होते.

बाबा आले. या वेळी आत येऊन स्टुलावर बसले. मला वाटलं, पुन्हा तेच. तर म्हणाले, "बेर्ना, तू स्वतः चालवणार असतीस, तर पिवळीला कुठले घातले असतेस?"

असं मला विचारू नये. मी सुटते. म्हटलं, बारमाही तर मुळीच नाही. बारमाही म्हणजे धड ना उन्हाळा धड ना हिवाळा, त्या गाडीला ते शोभत नाहीत. सात अंशांच्या खाली तुमचे उन्हाळी टायर शिळ्या पावासारखे कडक होतात, नुसते घसरतात. वजन मागे, ताकद मागच्या चाकांना, पुढचा भाग हलका. अशा गाडीला रिम एक इंच लहान घ्यायची, टायर थोडा अरुंद. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद खाली रुततो आणि पकड घेतो. मागचे पुढच्यांपेक्षा रुंद, पण चारही एकाच नक्षीचे. डोंगर आणि बर्फाच्या चांदणीचं चिन्ह बघून घ्यायचे. आणि पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून, नवं रबर गुळगुळीत असतं.

बोलता बोलता बघते तर त्यांचा चेहरा खुलला होता. तशी ती घळ डोळ्यांपुढे आली. भिंतीवरचा तो पिवळा ओरखडा.

आणि मी म्हणाले, "पण या मापात ते येतच नाहीत, बाबा. बनवणं बंद केलंय."

ते 'हं' म्हणाले. टोपी घातली, गेले. रादो जॅकवरच्या गाडीखालून सगळं ऐकत होता. एकोणीस वर्षं आहे माझ्याकडे, त्याला काय कळत नाही? एवढंच म्हणाला की गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही ही पाटी तूच लावलीस ना? म्हटलं, ते गिऱ्हाईक नाहीत. म्हणाला, मग तर आणखीच वाईट.


१ नोव्हेंबर, बुधवार

सहा अंश, धुकं. आज सर्व संतांचा दिवस, सगळ्यांबरोबर आम्हीही स्मशानात, आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला. बाबा माझ्या व्हॅनमधून आले. पिवळी का नाही काढली, म्हटलं. तर म्हणे, तुझ्या आईला तिचा आवाज आवडला नसता.

मेणबत्ती त्यांना पेटवता येईना. काडी वातीच्या बाजूला जात होती. वारा आहे म्हणाले. वारा नव्हता. मी त्यांचा हात धरून काडी वातीवर नेली.

निघताना पुन्हा: "नक्की येत नाहीत त्या मापात?" मी म्हटलं, नाही. आईच्या समोर म्हटलं.


३ नोव्हेंबर, शुक्रवार

चैन नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. टायर घातले तर ते खुशाल हिवाळाभर घळीतून जाणार, आणि एक दिवस ती भिंत आहेच. मग ते टायर माझ्या हातांनी चढवलेले असणार. नाही घातले तर?

नाही घातले तर ते जाणार नाहीत. पंधरा नोव्हेंबरपासून हिवाळी टायर सक्तीचे, आणि बाबांनी जन्मात नियम मोडलेला नाही. पोस्टमनच्या सायकलला घंटी नव्हती म्हणून एकदा घरापर्यंत ढकलत आले होते. यावरच माझी सगळी भिस्त आहे.

पण क्रान्यला दुसऱ्या दुकानात गेले तर? कॉम्प्युटरवर बघितलं. त्या मापाचा एकच संच उरलाय, मारिबोरच्या गोदामात, रिमसकट.

मागवला. मीच. म्हणजे दुसरा कुणी त्यांना विकणार नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे का?


७ नोव्हेंबर, मंगळवार

चार अंश. चाकं आली. किती सुंदर आहेत! बोटानं दाबलं तर रबर मऊ लागतं. नक्षीतल्या बारीक चिरा अंगठ्यानं उघडून पाहिल्या. तेवीस वर्षांच्या धंद्यात स्वतःसाठी काही निवडलंच नव्हतं, बसायला व्हॅन आणि व्हॅनला मिळतील ते. एकोणीसची असताना मी बाबांच्या जुन्या गाडीतून येझेर्स्कोचा घाट चढले होते. बाबा शेजारी बसलेले. वर पोचल्यावर म्हणाले होते, तू माझ्यापेक्षा बरी चालवतेस. मग लग्न, मुलं, दुकान.

असो. गिऱ्हाइकांची चाकं ठेवतो त्या मांडणीत सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. प्रत्येक संचाला नावाची चिठ्ठी लागते. काय लिहू? सुचेल ते नाव आणि शेजारचं गाव लिहिलं — गाश्पर पोदलोगार, तुपालिचे.


११ नोव्हेंबर, शनिवार

संत मार्टिनचा सण. हंस, लाल कोबी, भरपूर माणसं. बाबांनी नव्या वाइनला हात लावला नाही. म्हटलं, गाडी चालवायचीय की काय? म्हणाले, गोळ्या चालू आहेत. कसल्या? — म्हातारपणाच्या.


१४ नोव्हेंबर, मंगळवार

दोन अंश. उद्यापासून सक्ती, म्हणून आज सगळ्या खोऱ्याला जाग आली. दिवसभरात एकोणचाळीस गाड्या. पाठ मोडली. बाबा आले नाहीत. बरं वाटायला हवं होतं.


१६ नोव्हेंबर, गुरुवार

उणे चार.

दुपारी दीडला त्यांच्या घरी डबा घेऊन गेले. घर बंद. गॅरेजला कुलूप. फोन उचलत नाहीत. त्सिरिलला फोन लावला तर म्हणे, लोव्रेन्स इथेच आहे, जिंकतोय, आणि बाहेर बर्फ पडायला लागलंय.

म्हणजे गेले! उन्हाळी टायरवर! जन्मात न मोडलेला नियम मोडून!

दुकान रादोवर टाकलं आणि व्हॅन काढली. घळीत रस्ता पांढरा. अरुंद वळणावर समोरून बस आली, तिच्यासाठी मला चाळीस मीटर मागे यावं लागलं. ड्रायव्हरला अशा शिव्या दिल्या की आईनं ऐकल्या असत्या तर तोंड धुवायला लावलं असतं. वर पोचले तर त्सिरिल म्हणतो, आत्ताच निघाला. वाटेत कसे नाही दिसले? मी त्या बससाठी मागे येत असताना बाजूनं निसटले असणार. परत येताना प्रत्येक वळणावर थांबले. कठड्याशी उभी राहून खाली नदीत बघत होते. पिवळं काही दिसतंय का बघत होते. किती वेळा थांबले आठवत नाही.

त्यांच्या घरी आले तर बाबा चुलीपाशी बसून सूप पितायत! माझा तोल सुटला. नको नको ते बोलले. मरायचंय तर आधी मला सांगून मरा, असंही म्हणाले. त्यांनी चमचा खाली ठेवला. विचारलं, "रस्त्यात माझी गाडी दिसली तुला?"

"नाही."

"मग?"

मग काय! वर तोंड करून विचारतायत. गॅरेज उघडा म्हटलं, तर किल्ली सापडत नाही म्हणे. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी, पण मी दार आपटून निघाले.


१७ नोव्हेंबर, शुक्रवार

उणे तीन. रात्रभर तळमळले. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण हा गोटा माझ्या नाही, त्यांच्या कपाळी बसणार आहे. मी त्यांना घरी बसवायला खोटं बोलले आणि ते शिळ्या पावावर घळीतून जातायत. खरे टायर माझ्या मांडणीत धूळ खातायत.

सांगून टाकू? सांगितलं तर घालावे लागतील. घातले तर चालवतील. म्हणजे फिरून तिथेच.


२३ नोव्हेंबर, गुरुवार

उणे एक. दोनला त्सिरिलला फोन. आहे इथे, म्हणाला. चारला बाबांना फोन. पोचलो, म्हणाले. दोनपासून चारपर्यंत मी कुणाच्या कामाची नव्हते. एका बाईच्या गाडीला पुढची चाकं मागे लावली.


२५ नोव्हेंबर, शनिवार

शून्य. आज बाबा आले, गेल्या गुरुवारचा राग मनात न ठेवता. रादोशी त्यांचा जुना खेळ सुरू झाला. रादो मांडणीतल्या चिठ्ठ्यांवरची नावं वाचतो आणि बाबा घर नंबर सांगतात. कुत्रा चावरा आहे का तेही. पूर्वी स्वतःच वाचायचे. आज म्हणाले, तूच वाच, कप्पे उंच आहेत.

एकही चुकलं नाही. रादो रंगात आला, शिडीवर चढला आणि मी त्याला अडवायच्या आत वाचून मोकळा झाला: गाश्पर पोदलोगार, तुपालिचे!

पुन्हा वाच, बाबा म्हणाले. मग चाकांचं माप वाचायला लावलं, पुढचं आणि मागचं. रादोनं वाचलं, आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं. शिडीवरून माझ्याकडे असा बघत राहिला.

मी म्हटलं, नवा माणूस आहे, शनिवार-रविवारी येतो, ल्युब्लियानाचा.

"पोदलोगार," बाबा म्हणाले. "तुपालिच्याचा." हसले की तोंड वाकडं केलं ते कळलं नाही. जाताना काउंटरवरून एक लिफाफा मागून घेतला. कशाला ते सांगितलं नाही, आणि चोराच्या मनात चांदणं, मीही विचारलं नाही.


३० नोव्हेंबर, गुरुवार

उणे दोन. नवी पोस्टमनबाई आत्ता एक पत्र टाकून गेली. हसत होती. लिफाफा माझ्याच दुकानाचा. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे खाली घसरलेल्या:

"श्री. गाश्पर पोदलोगार, तुपालिचे. मुक्काम टायरचं दुकान, वरचा कप्पा.

महोदय, छत्तीस वर्षं तुमच्या गावात टपाल वाटलं, पण आपली भेट झाली नाही, माफी असावी. तुमचे चार टायर कृपया माझ्या मुलीला द्यावेत. मी १२ सप्टेंबरला लायसन्स कचेरीत जमा केलं. डावा डोळा गेला, उजवा निम्मा राहिलाय. तेव्हापासून गुरुवारी बसनं जातो. तू चालवणार असतीस तर कुठले घातले असतेस, असं तिला विचारलं, कारण चालवणार तीच आहे. गाडी तिच्या नावावर करायचे कागद सोबत आहेत, फक्त तिची सही हवी. तोंडानं सांगायला गेलो की अडकायला होतं, म्हणून टपालानं. डाव अकराला सुरू होतो. दुसरी सीट माझी.

लोव्रेन्स, निवृत्त पोस्टमन."

लिफाफ्यात गॅरेजची किल्लीही आहे. रादो न सांगताच शिडी घेऊन आलाय. बस सव्वादहाला सुटते, त्याआधी त्यांना थांबवायला हवं.